टेम्प्टेशन्सचे यश डेव्हिड रफिनमुळेच का?

तबकडीवेडा: डेट्रॉइटचा ‘द टेम्प्टेशन्स’ हा सोल (कृष्णवर्णीय अमेरिकनांचा एक लोकप्रिय संगीतप्रकार) गाणारा गायकसमूह १९६१ साली स्थापन झाला, पण त्याचे पहिले गाजलेले गाणे १९६४चे आहे. गायक डेव्हिड रफिन आला आणि समूहाचे नशीब उघडले, असे सर्रास सांगितले जाते. त्यात कितपत तथ्य आहे?

खर्जप्रेमी: मुळात हा समूह दोन मोडलेल्या समूहांतून उभा राहिला. ओटिस विल्यम्स, खर्ज सांभाळणारा मेल्विन फ्रँकलिन आणि एल्ब्रिज ब्रायंट हे ‘डिस्टंट्स’मधले, एडी केंड्रिक्स आणि पॉल विल्यम्स हे अलाबामातील बर्मिंगहॅमहून क्लीव्हलंडमार्गे डेट्रॉइटला आलेल्या ‘प्राइम्स’मधले. (याच प्राइम्सच्या जोडीला उभा केलेला मुलींचा ‘प्राइमेट्स’ हा समूह पुढे ‘सुप्रीम्स’ झाला.) बेरी गॉर्डीने त्यांना आपल्या ‘मोटाउन’ या तबकडी कंपनीत घेतले तेव्हा ते ‘एल्जिन्स’ म्हणवत, परंतु ते नाव आधीच वापरात असल्याने बदलावे लागले. पहिली तबकडी चालली नाही. १९६२ मध्ये ‘ड्रीम कम ट्रू’ आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) गाण्यांच्या लोकप्रियतेच्या यादीत २२व्या क्रमांकापर्यंत पोहोचले, एवढेच.

आलाप: रफिन १९६४च्या आरंभी ब्रायंटच्या जागी आला हे खरे. पण त्याच जानेवारीत प्रसिद्ध झालेल्या ‘द वे यू डू द थिंग्ज यू डू’ या गाण्यात मुख्य आवाज केंड्रिक्सचा आहे, आणि अमेरिकेच्या सर्वसाधारण यादीत ११व्या क्रमांकावर गेलेले समूहाचे पहिले गाणे तेच. ते मोटाउनच्याच ‘मिरॅकल्स’ या गायकसमूहातील स्मोकी रॉबिन्सन आणि बॉबी रॉजर्स यांनी लिहिले होते. त्यानंतर रॉबिन्सनने रोनाल्ड व्हाइटसह ‘माय गर्ल’ लिहिले, मुख्य गायन रफिनकडे दिले आणि मार्च १९६५ मध्ये ते गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. कोणत्या गळ्याला कोणते गाणे शोभेल हे अचूक ओळखणाऱ्या रॉबिन्सनला मी रफिनपेक्षा अधिक श्रेय देईन.

खर्जप्रेमी: बहुतांशी मान्य, मात्र पॉल विल्यम्स नेहमीच विसरला जातो. आरंभीच्या वर्षांत मुख्य गायनाचा भार तो आणि केंड्रिक्स वाहत होते, शिवाय समूहाच्या रंगमंचावरील एकसारख्या पदन्यासाची घडी त्यानेच बसवली.

तबकडीवेडा: आभारी आहे. म्हणजे रफिन येण्यापूर्वी समूहात चांगल्या गळ्यांची नव्हे, तर त्या गळ्यांसाठी लिहिलेल्या गाण्यांची वानवा होती, असे म्हणायला हरकत नाही ना?

आलाप: माझे मत तेच आहे. तरीही ‘माय गर्ल’ रफिनच्या खरखरीत आवाजावाचून पहिल्या क्रमांकावर गेले असते, असे मी म्हणणार नाही.