भाड्याचं घर आणि दोन रात्रींचे पाहुणे : तुमचे अनुभव सांगा

चाफा : आज कपाट आवरताना हिरवा दोरा बांधलेली किल्ली सापडली आणि सगळं आठवलं. नोकरी गेली होती तेव्हा भाड्याच्या घरातली एक खोली मी ॲपवरून दोन-दोन रात्रींसाठी द्यायचे, ही पाहुण्यांची किल्ली. चार महिने भाडं त्यातूनच भरलं. मालकांना सांगितलं नव्हतं. एकदा ते गळका नळ बघायला आले आणि दार उघडलं ते टॉवेल गुंडाळलेल्या अनोळखी माणसाने. ओरडले नाहीत, एवढंच म्हणाले, "मला विचारायचं तरी होतंस." घर सोडावं लागलं त्यापेक्षा ते जास्त लागलं. तरी राहत्या भाडेकरूला ही मुभा असावी असंच मला वाटतं, पण विचारून. तुम्ही दिलंय, घेतलंय, शेजारी राहून सोसलंय, जे असेल ते लिहा.

भटक्या : मुळात ही कल्पनाच भाडेकरूंची आहे. २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोघा मित्रांना भाडं झेपेना म्हणून त्यांनी घरात हवेच्या गाद्या टाकून पाहुणे ठेवले, तिथून एअरबीएनबी हे घरं-खोल्या पाहुण्यांना देण्याचं ॲप सुरू झालं. मग भाडेकरूलाच सरसकट बंदी का?

उंबरठा : भटक्या, ते दोघं त्याच घरात राहत होते हो. आमच्या वरचा भाडेकरू तिथे राहतच नव्हता, घर घ्यायचं आणि रोज नव्या माणसाला द्यायचं हाच धंदा. रात्री दोनला जिन्यावरून बॅगेची चाकं खडखड खडखड, प्रत्येक पायरीला एक दणका. एकदा मजला चुकलेला कुणीतरी आमच्याच कुलपात किल्ली फिरवत बसला, आई घरात एकटी. तेव्हापासून ती दाराला खुर्ची लावून झोपायची.

चाफा : बाप रे. आईंचं वाचून वाईट वाटलं. माझ्या शेजारच्या आजींना मी कधी विचारलंच नाही.

पाऊलवाट : +१ उंबरठा. मी सहा महिने घर शोधतेय, बघावं ते घर पाहुण्यांना दिलेलं. कायम राहणाऱ्याने जायचं कुठे?

सावली : मी मालकीण. माझ्या भाडेकरूने सरळ येऊन विचारलं तर मी हो म्हटलं. वर्षात किती रात्री, एका वेळी किती माणसं, मोडतोड कुणी भरायची, सगळं कागदावर घेतलं आणि विमा कंपनीलाही आधी विचारलं, कारण साध्या घराच्या विम्यात असले पाहुणे बसतातच असं नाही. तीन वर्षं झाली, एक तक्रार नाही. चोरून केलं असतं तर त्याच दिवशी बाहेर काढला असता.

पारवा : न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून हे कडक केलंय. ३० दिवसांपेक्षा कमी द्यायचं तर नोंदणी, राहणारा स्वतः घरात हवा, पाहुणे जास्तीत जास्त दोन. मला पटतं. माणूस घरात असला की जिन्यात दणके होत नाहीत. आणि फ्रान्समध्ये २०१९ साली वरच्या कोर्टाने निकाल दिला की मालकाला न विचारता पोटभाड्याने दिलं तर ती कमाई मालकाची. चाफाताई, तुम्ही थोडक्यात सुटलात.

मोरपीस : विषय वेगळा आहे पण दोऱ्याची कल्पना छान, आमच्याकडे डबाभर किल्ल्या आहेत आणि कुठली कशाची कुण्णाला माहीत नाही.

सावली : मोरपीस, रंगीत नेलपॉलिश लावा, दोरा सुटतो.

भटक्या : उंबरठा, तुमचं पटलं. राहत नाही त्याला नकोच. आई कशा आहेत आता?

उंबरठा : बऱ्या आहेत, वरचा गेला. खुर्ची मात्र अजून दाराशीच असते, रात्री मी उचलून ठेवतो, सकाळी बघावं तर परत तिथेच.

चाफा : मालकांचा नंबर सापडलाय. मुलं झोपली की फोन करते.