विषय: बालविवाह कायद्यातली राज्य दुरुस्ती – सोलापूरच्या आमदारांना द्यायचं निवेदन

प्रेषक: मुग्धा

नमस्कार मंडळी,

परदेशातल्या आपल्या मंडळाच्या सोलापूर गटाच्या बैठकीत ठरल्याप्रमाणे जिल्ह्यातल्या अकराही आमदारांना एकच निवेदन द्यायचं आहे. कच्चा मसुदा सोबत जोडला आहे. त्यात दोन मागण्या आहेत: शिक्षा वाढवा, आणि कर्नाटकासारखा बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवा. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१७ च्या निकालात इतर राज्यांनीही कर्नाटकाचा मार्ग धरावा असं सुचवलं होतं, तो आधार दिला आहे. अरुणकाका, शैलाताई, तुम्ही दोघं सोलापुरातच आहात. कायद्याच्या आणि गावातल्या कामाच्या अंगाने मसुदा तपासा. जिथे कापायचं तिथे बेधडक कापा.

मुग्धा

*

प्रेषक: अरुण (सोलापूर)

मुग्धा,

पहिली मागणी पूर्ण काढून टाक. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात लग्न लावणाऱ्याला, ठरवणाऱ्याला आणि प्रौढ नवऱ्याला दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी, एक लाखापर्यंत दंड आहेच. गुन्हा दखलपात्र आहे, अजामीनपात्र आहे. शिक्षा कमी पडते म्हणून लग्नं होतात असं नाही. लग्न थांबवायला जे कलम दिलंय ते वापरलंच जात नाही, म्हणून होतात.

नेमकं काय घडतं ते बघ. १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन येतो. ग्रामसेवक, अंगणवाडी सेविका आणि पोलीस मंडपात पोचतात. शाळेच्या दाखल्यावर मुलगी सोळाची निघते. आईवडिलांकडून हमीपत्र लिहून घेतात, ‘अठरा पूर्ण झाल्याशिवाय लग्न करणार नाही’, खाली दोन पंचांच्या सह्या. गाडी परत जाते. चार दिवसांनी त्याच मुलीला नात्यातल्या दुसऱ्या गावी नेतात, पत्रिका न छापता, पहाटे पाच-दहा माणसांत लग्न उरकतात. आता त्या हमीपत्राची कायद्यात किंमत काय? ते मोडलं म्हणून वेगळा गुन्हा होत नाही आणि लागलेलं लग्नही त्यामुळे रद्द होत नाही.

याउलट कलम १३ बघ. ग्रामसेवकाने, एखाद्या संस्थेने किंवा माहिती असलेल्या कुणीही प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की मनाईहुकूम मिळू शकतो. निकड असेल तर समोरच्याला नोटीस न काढताही अंतरिम हुकूम देता येतो. आणि कलम १४ सांगतं की असा हुकूम मोडून लावलेलं लग्न मुळातच रद्दबातल. म्हणजे आपण मसुद्यात जे मागतोय ते हुकूम वेळेत मिळाला तर आजच्या कायद्यातही मिळतं. फक्त हमीपत्राच्या जागी मनाईहुकूम हवा.

ही गोष्ट नियमांत घालता येते. कलम १९ नुसार नियम करायचा अधिकार राज्याचा. महिला व बालविकास विभागाने अधिसूचना काढायची, मग नियम विधिमंडळापुढे ठेवायचे. राष्ट्रपतींची संमती लागत नाही. कायद्याच्या दुरुस्तीला मात्र लागते, कारण विवाह हा समवर्ती सूचीतला, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीतला विषय आणि मूळ कायदा केंद्राचा. हरियाणाने २०२० मध्ये मंजूर केलेल्या दुरुस्तीला संमती मिळाली २०२२ मध्ये. म्हणून निवेदनात क्रम असा ठेव: आधी नियम, मग दुरुस्ती.

दुरुस्ती नको असं माझं म्हणणं नाही, हवीच आहे. सीमेच्या पलीकडे कर्नाटकातल्या इंडीत, अफझलपुरात २०१७ पासून बालविवाह मुळातच रद्दबातल आहे. अलीकडे अक्कलकोट, दक्षिण सोलापूर, मंगळवेढ्यात तो मुलगी स्वतः जिल्हा न्यायालयात जाऊन रद्द करून घेईपर्यंत टिकतो. त्यासाठी तिला मुदत अठरा पूर्ण झाल्यावर दोन वर्षांची, म्हणजे विसाव्या वर्षापर्यंत. त्या वयात सासरी नांदणारी, कडेवर लेकरू असलेली मुलगी वकील गाठून अर्ज करेल ही अपेक्षाच अवास्तव आहे.

पण कर्नाटकाचं वाक्य जसंच्या तसं उचलू नका. मुलीची पोटगी आणि राहण्याची सोय कलम ४ मध्ये, मुलांचा ताबा ५ मध्ये, मुलांचा औरसपणा ६ मध्ये आहे, आणि त्यांतली ४ आणि ६ ही कलमं ‘कलम ३ खालच्या हुकूमनाम्या’ला, म्हणजे लग्न रद्द करणाऱ्या न्यायालयाच्या हुकमाला बांधलेली आहेत. लग्न आपोआप रद्द ठरलं की हुकूमनाम्याची गरज उरत नाही, आणि हुकूमनामा नाही म्हणून पोटगीही लटकते. नवऱ्याकडचा वकील पहिल्याच तारखेला हा मुद्दा काढणार. ज्या मुलीसाठी एवढी खटपट तिलाच रस्त्यावर आणायचं का? तेव्हा दुरुस्तीत दुसरं पोटकलम हवंच. मजकूर मी लिहून देतो.

अरुण

*

प्रेषक: शैला (सोलापूर)

मुग्धा, अरुणदादा,

शिक्षेची मागणी काढा याला माझा दुजोरा, वेगळ्या कारणाने. २०१७ च्या निकालानंतर अल्पवयीन बायकोशी संबंध हाही बलात्कारच ठरतो आणि पोक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या) कलम १९ मुळे डॉक्टरांना पोलिसांना कळवावंच लागतं. कायदा बरोबर आहे. पण त्याचा गावात दिसणारा परिणाम असा की सतरा वर्षांच्या गरोदर मुलीला दवाखान्यात नेतच नाहीत, नाहीतर आधारवरचं वय सांगून नेतात. शिक्षा वाढली की ही लपवाछपवी आणखी वाढेल आणि ती मुलगी तपासणीविना राहील.

वयाचा विषय निघालाच आहे तर लिहिते. आधारवरची जन्मतारीख हा वयाचा पुरावा नाही. बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ प्रमाणे आधी शाळेचा दाखला किंवा दहावीचं प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत-महापालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. मंडपात आधार पुढे केलं जातं, ग्रामसेवक नवीन असेल तर तेच मान्य करतो. शाळेचा जनरल रजिस्टरचा उतारा मुख्याध्यापकांकडून फोनवर मागवला तरी काम होतं, पण लग्नं असतात रविवारी आणि मे महिन्यात, तेव्हा शाळा बंद. म्हणून नियमात असं घाला की आठवी ते बारावीच्या मुलींच्या जन्मतारखांची यादी उन्हाळी सुट्टीआधी ग्राम बाल संरक्षण समितीकडे यावी. समितीची सदस्य-सचिव अंगणवाडी सेविकाच असते, यादी तिच्या कपाटात राहील.

आता कुटुंबाचं बघा, मसुद्यात त्यावर एक ओळ नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके, की ऊसतोडीला बाहेरून टोळ्या येतात आणि आपल्याही गावांतून माणसं जातात. मुकादम उचल देतो ती कोयत्याला, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकट्या पोराला निम्मीच उचल, म्हणून हंगामाआधी त्याचं लग्न. आणि पोरीला घरी एकटी कुणाच्या भरवशावर ठेवायची, म्हणून तिचं लग्न. ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल हा काळ ज्या मुलीला सुरक्षित निवारा आणि शाळा मिळते तिचं लग्न टळतं. हंगामी वसतिगृहं आहेत, पण शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयाचा आणि धोका चौदा ते अठराला. तेव्हा मागणी नेमकी ठेवा: हंगामी वसतिगृहाची वयोमर्यादा अठरापर्यंत करा आणि अनुदान हंगाम सुरू होण्याआधी द्या. अनुदान जानेवारीत आलं तर पोरी आधीच फडावर गेलेल्या असतात.

शहरात पूर्व भागात चित्र वेगळं. तिथे विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरची घरं. पोरगी शाळा सोडून आईबरोबर विड्या वळायला बसली की वर्षभरात स्थळं सुरू. वडील नसलेल्या घरांत बालसंगोपन योजनेचे महिना २,२५० रुपये हाच आधार ठरू शकतो, पण पैसे महिनोन्‌महिने रखडतात आणि दरवर्षीच्या कागदपत्रांत नावं गळतात. लग्नाचा धोका असलेलं मूल हे बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेलं मूल’ आहे, कलम २(१४) मध्ये तसं स्पष्ट लिहिलंय. मग लग्न थांबवलेल्या प्रत्येक मुलीला बाल कल्याण समितीपुढे नेऊन त्याच बैठकीत योजनेचा अर्ज भरून घ्या. नुसतं लग्न थांबवून घरातली अडचण तशीच ठेवली तर मुलगी वर्षभरात सासरीच दिसते.

शैला

*

प्रेषक: निखिल

मंडळी, पैशांबद्दल थोडक्यात, कारण दोघांनी देणगी पाठवायची तयारी दाखवली आहे.

आमदार, उमेदवार, पक्ष यांना परदेशी पैसा घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांवरच्या कायद्याच्या कलम ३ ने बंदी आहे. मंडळाच्या खात्यातून एक रुपयाही तिकडे जायला नको, सत्कार आणि हारतुऱ्यांनासुद्धा नाही. ओसीआय कार्डवाले (भारतीय मूळ, पण पासपोर्ट दुसऱ्या देशाचा) परदेशी नागरिक असल्याने त्यांची देणगी परदेशीच धरली जाते. ज्यांचा पासपोर्ट भारतीय आहे त्यांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम त्यात येत नाही. सोलापुरातल्या संस्थेला वसतिगृहासाठी मदत करायची तर तिची एफसीआरए नोंदणी आणि दिल्लीच्या स्टेट बँक मुख्य शाखेतलं खातं आधी तपासा. २०२० पासून एका संस्थेने घेतलेला परदेशी पैसा दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, त्यामुळे ‘ओळखीच्या ट्रस्टमार्फत पाठवू’ हा मार्ग बंद आहे.

निवेदनही मंडळाच्या लेटरहेडवर नको. करसवलत असलेल्या संस्थेवर कायदा बदलण्याच्या प्रचाराबाबत इथे परदेशात मर्यादा आहेत. व्यक्तींनी आपापल्या नावाने सही करावी. भारतीय पासपोर्ट असलेल्यांनी परदेशस्थ मतदारांचा ६अ नमुना भरून गावच्या यादीत मतदार म्हणून नाव घातलं तर उत्तम. सहीखाली मतदारसंघ आला की आमदारांच्या कचेरीत कागद वेगळ्या नजरेने वाचला जातो.

निखिल

*

प्रेषक: अरुण (सोलापूर)

शैला, निवारा आणि अर्थसाहाय्याचे तुझे दोन्ही मुद्दे नियमांच्या मागणीत घेतले. मजकूर असा:

‘बालविवाहाची माहिती मिळताच बालविवाह प्रतिबंध अधिकारी त्याच दिवशी कलम १३ खाली अर्ज करील. पालकांचे हमीपत्र हा अशा अर्जाला पर्याय राहणार नाही. मुलीला बाल कल्याण समितीपुढे हजर करून तिच्या शिक्षणाची, निवाऱ्याची व अर्थसाहाय्याची योजना लेखी ठरवली जाईल आणि ती अठरा वर्षांची होईपर्यंत दरमहा गृहभेट होईल.’

आणि दुरुस्तीचं दुसरं पोटकलम (यातलं ‘१क’ म्हणजे बालविवाह मुळातच रद्दबातल ठरवणारं पहिलं पोटकलम):

‘विवाह पोटकलम (१क) खाली रद्दबातल असला तरी कलम ४, ५ व ६ मधील हक्क, जणू कलम ३ खाली हुकूमनामा झाला आहे असे समजून, मुलीला व तिच्या अपत्यांना मिळतील.’

गावात हा प्रतिबंध अधिकारी म्हणजे ग्रामसेवकच, आणि त्याच्या डोक्यावर आधीच घरपट्टीपासून घरकुलापर्यंत सगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ ऑक्टोबर २०२४ च्या निकालात जिल्हा पातळीवर फक्त याच कामासाठी अधिकारी नेमा असं सांगितलंय. ते वाक्य मसुद्यात सगळ्यात वर घ्या.

आमदारांकडे जाताना नुसतं निवेदन देऊन फोटो काढून येऊ नका. तारांकित प्रश्नाचा तयार मजकूर हातात द्या: गेल्या तीन वर्षांत सोलापूर जिल्ह्यात किती बालविवाह थांबवले, त्यांपैकी किती प्रकरणांत कलम १३ चा अर्ज केला, किती मुली समितीपुढे आणल्या. हीच माहिती माहिती अधिकारातही मागा. राज्याच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्द, फी दहा रुपये. तीन प्रश्न तीन अर्जांत टाका, नाहीतर तेवढ्याच कारणावरून परत येतो. अशासकीय विधेयक मांडायला कुणी तयार झालं तर चांगलंच, पण ते बहुधा मंत्र्यांच्या आश्वासनावर मागे घेतलं जातं. म्हणून आश्वासनाचे नेमके शब्द कामकाजातून उतरवून घ्या, पाठपुरावा करायला विधिमंडळाची आश्वासन समिती आहे.

ग्रामसभांचे ठरावही जोडू. १ मेच्या ग्रामसभेत विषय घ्यायचा तर अर्ज आधीच ग्रामपंचायतीत द्यावा लागतो, ऐनवेळचा विषय म्हणून ढकलला तर ठराव लिहिलाच जात नाही. सूचक आणि अनुमोदक दोघी बायका असाव्यात. आपल्या गटात अक्कलकोटकडचे कोण आहेत? त्यांनी ठरावाचा मजकूर कन्नडमध्ये करून पाठवा. पूर्व भागासाठी तेलुगूतला मी इथे करून घेतो.

अरुण