सलग, लागोपाठ की ओळीने?

धागाकर्ता:
एका पुरवणीसाठी टेनिसमधल्या अनवट विक्रमांची चौकट लिहून दिली होती. त्यात वाक्य होतं, 'नदालने क्लेवर सलग 81 सामने जिंकले.' (क्ले म्हणजे मातीचं कोर्ट.) जागा कमी पडली म्हणून कुणीतरी 'क्लेवर' उडवलं आणि छापून आलं, 'नदालने सलग 81 सामने जिंकले.' साफ चूक! एप्रिल 2005 ते मे 2007 या काळात तो इतर कोर्टांवर बऱ्याचदा हरला. 2006 ची विम्बल्डनची गवतावरची फायनल आठवा, फेडररने हरवलं होतं. आता मला शंका वेगळीच येतेय. क्लेवरच्या दोन स्पर्धांमध्ये कधीकधी महिनेच्या महिने जातात, मधे दुसऱ्या कोर्टांवर हारही होते. मग याला मुळात 'सलग' म्हणावं का? लागोपाठ? ओळीने?

प्रतिसाद:
'लागोपाठ' नकोच. त्यात एकाच्या पाठीला लागून दुसरं, मधे उसंत नाही, असा भाव आहे. घरात लागोपाठ दोन लग्नं निघतात, लागोपाठ तीन शिंका येतात. 'सलग तीन शिंका' वाचलं की कुणीतरी वही घेऊन मोजत बसलंय असं वाटतं. उलट आपण सलग तीन तास झोपतो, लागोपाठ झोपत नाही. 'ओळीने सहा मॅचेस हरला' हे बोलण्यात झकास, चौकटीत जरा सैल वाटेल.

प्रतिसाद:
आमच्याकडे लातूरला 'सलग' हा आधी शेतातला शब्द. सलग तूर म्हणजे रानात नुसती तूर. सोयाबीनच्या ओळींत तूर घेतली तर ते आंतरपीक. या हिशेबाने तुमच्या नदालची तूर सलग नाहीच. क्लेच्या रानात मधे मधे गवताचं आंतरपीक आहे, आणि तेच त्याला बाधलं!

धागाकर्ता:
काका, दंडवत. गवताचं आंतरपीक माझ्या डोक्यात आलंच नसतं. म्हणजे खरी 'सलग तूर' मार्टिना नवरातिलोवाची. 1984 मध्ये एकेरीत 74 विजय, कोर्ट कुठलंही असो. डिसेंबरात ऑस्ट्रेलियन ओपनच्या सेमीफायनलला हेलेना सुकोव्हाने अडवलं.

प्रतिसाद:
मग अर्जेंटिनाच्या गिलेर्मो विलासचं काय कराल? 1977 मध्ये क्लेवर 53 आणि सगळ्या कोर्टांवर मिळून 46. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला छपाईची चूक वाटली. सगळं धरून आकडा कमी कसा? तर क्लेवरची मोजणी आधीपासून चालू होती आणि मधे विम्बल्डनला तो हरला. त्यामुळे सगळ्या कोर्टांची मोजणी तिथे शून्यावर आली, क्लेची मात्र पुढे चालूच राहिली. काकांच्या भाषेत 53 आंतरपिकासकट, 46 सलग.

आणि दोन्ही एकाच दिवशी संपल्या. फ्रान्समधल्या एक्स-आँ-प्रोव्हान्सला फायनलमध्ये समोर इली नास्तासे, हातात ती कुप्रसिद्ध 'स्पॅगेटी' रॅकेट. तारांचे दुहेरी थर, त्यांत प्लास्टिकच्या नळ्या. चेंडूला इतकी फिरकी बसायची की तो कुठे उडेल याचा नेम नाही. दोन सेट गमावल्यावर विलास वैतागून कोर्ट सोडून गेला. पुढे त्या रॅकेटवर बंदीच आली. आता सांगा, ही मालिका 'खंडित झाली' की त्याने 'सोडून दिली'?

प्रतिसाद:
हरला ना, मग खंडितच. पण 'खंडित' आपण सरसकट वापरतो हे खरं. व्हीलचेअर टेनिसमधली नेदरलँड्सची एस्थर व्हर्गीर जानेवारी 2003 मध्ये एकेरीत हरली, त्यानंतर हरलीच नाही. 470 विजय! 2013 मध्ये निवृत्ती जाहीर केली. ही मालिका कुणी खंडित केली? कुणीच नाही. 'थांबली' म्हणा, 'पूर्ण झाली' म्हणा. वर्तमानपत्री 'अश्वमेध रोखला' तर इथे चालणारच नाही, घोडा स्वतःच तबेल्यात परतला.

प्रतिसाद:
जरा अवांतर. 'मालिका'ही जपून हं. क्रिकेटने तो शब्द पळवलाय. 'मालिकाविजय' आणि 'विजयमालिका' यांत लोक रोज गफलत करतात.

आणि 'सलग 21 पराभवांचा विक्रम' हे कसं वाटतं? अमेरिकेचा व्हिन्स स्पेडिया 1999 ते 2000 मध्ये एटीपीच्या (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसच्या) सामन्यांत ओळीने 21 हरला. विक्रम म्हणजे पराक्रम. इथे कसला पराक्रम?

प्रतिसाद:
तिथे 'उच्चांक' लिहा, त्यात नुसता आकडा आहे, शौर्य नाही. 'नीचांक' मात्र नको, तो थंडीत पाऱ्यालाच शोभतो. शिवाय हरण्याचा आकडा वरच जातोय की! (आणि स्पेडियाची साडेसाती सुटली ती विम्बल्डनला, ग्रेग रुसेडस्कीविरुद्ध, पाचव्या सेटमध्ये 9-7. याला मी खुशाल पराक्रम म्हणेन.)

प्रतिसाद:
मूळ प्रश्नाचं राहिलंच. माझं मत, 'सलग' ठेवा. टेनिसमध्ये सलग म्हणजे तारखांना लागून नव्हे, तर त्या यादीत मधे हार नाही. फक्त यादी कसली ते शब्दाला चिकटून आलं पाहिजे. 'क्लेवरचे सलग 81 विजय', असं.

धागाकर्ता:
पटलं. पण 'क्लेवरचे'सुद्धा कात्रीत सापडू शकतं, म्हणून या वेळी क्ले थेट चौकटीच्या मथळ्यात घातलंय. पुढच्या चौकटीत पेस आणि भूपती आहेत, डेव्हिस चषकात दुहेरीचे सलग 24 विजय. त्या वर्षांत दोघांचं किती वेळा बिनसलं, किती वेळा जुळलं. म्हणून 'एकत्र खेळताना' हे दोन शब्द घातलेत. ते उडाले तर पुन्हा इथे रडायला येतोच.