प्रतिसाद: डच उपपदे आणि क्रियापदाची जागा

डचमधील ‘द’ आणि ‘हेत’ यांपैकी कोणते उपपद (इंग्रजी ‘the’सारखा नामाआधी येणारा शब्द) कोणत्या नामाला लागते, असे एकाने विचारले आहे. ते बहुतांशी नामासोबतच पाठ करावे लागते; मात्र अनेकवचनी नाम नेहमी ‘द’ घेते आणि लघुत्वदर्शक नाम एकवचनात ‘हेत’, म्हणून कुत्रा ‘द हॉन्त’, पण छोटासा कुत्रा ‘हेत हॉन्त्ये’. माझ्या मते क्रियापदाची जागा याहून महत्त्वाची आहे. ‘मॉर्खन कॉम्त हेइ’, म्हणजे ‘उद्या येतो तो’, अशा साध्या विधानात क्रियापद दुसऱ्या स्थानीच हवे. पण ‘इक वेत दात हेइ मॉर्खन कॉम्त’, म्हणजे ‘मला माहीत आहे की तो उद्या येतो’, यातील गौणवाक्य ‘की तो उद्या येतो’ असे शब्दागणिक मराठीच्याच क्रमाने चालते. इंग्रजीच्या आधाराने शिकणारे नेमके इथे अडखळतात, म्हणून अशी वाक्ये आपण थेट मराठीवरून जुळवावीत.