‘ड्रग झार’ला मराठीत काय म्हणावं?

तुषार एडिसनकर
मंडळाच्या स्मरणिकेसाठी डॉ. राहुल गुप्तांवर लेख लिहिलाय. २०२१ ते जानेवारी २०२५ ते अमेरिकेच्या राष्ट्रीय अमली पदार्थ नियंत्रण धोरण कार्यालयाचे संचालक होते. जन्म भारतातला, आधी वेस्ट व्हर्जिनियाचे आरोग्य आयुक्त, आणि त्या खुर्चीत बसलेले पहिले डॉक्टर. या पदाला इथे सर्रास ‘ड्रग झार’ म्हणतात (झार म्हणजे पूर्वीचा रशियन सम्राट), मीही तेच लिहिलं. संपादक काकूंनी ते कापून ‘अमली पदार्थ सम्राट’ केलं! प्रूफ वाचून आईचा पुण्याहून फोन, “अरे, पकडला का त्याला?”
दुसरं म्हणजे, ‘ओव्हरडोस प्रिव्हेन्शन’ला मी ‘अतिमात्रा प्रतिबंध’ लिहिलंय, तेही खटकतंय. सुचवा काहीतरी. शुक्रवारी छपाई.

पंतोजी
आईंचं बरोबर आहे. साखरसम्राट, शिक्षणसम्राट... मराठीत ज्या मालाचा सम्राट, तो माल त्याच्याच गोदामात. सरळ ‘संचालक’ लिहा. हे पद १९८८ च्या कायद्याने निर्माण झालं, त्यात संचालकच आहे, झारबिर वर्तमानपत्री. ‘अतिमात्रा’ला मात्र हात लावू नका, घडीव शब्द आहे.

खोडसाळ
झार ठेवलात तर झारीतले शुक्राचार्यही आपोआप येतील. सरकारी खातं म्हटल्यावर ते असायचेच.

शब्दवेडी
मला ‘प्रतिबंध’ जास्त खुपतो. ‘प्रतिबंधक विभाग’ ऐकलं की डोळ्यांपुढे लाचलुचपतवाले येतात, सापळा रचून, रंगेहाथ. तुमच्याच न्यू जर्सीत २०१३ पासून कायदा आहे ना, की सोबतचा माणूस ओव्हरडोसने बेशुद्ध पडला आणि कुणी ९११ ला, म्हणजे तिथल्या आणीबाणीच्या नंबरला, फोन केला, तर फोन करणाऱ्यावर अमली पदार्थ बाळगल्या-घेतल्याचा गुन्हा लावायचा नाही? आता त्या कायद्याच्या पत्रकावर ‘प्रतिबंधक विभाग’ वाचून कोण फोन करेल? पळतच सुटेल.

पंतोजी
मग प्रतिबंधक लस? साथरोग प्रतिबंध? तिथे कोण पळतं? तुमच्या डोक्यात पोलीस बसलाय, त्याला शब्द काय करणार.

सिस्टर सांगली
वॉर्डात आम्ही ‘डोस जास्त झाला’ म्हणतो. ‘अतिमात्रा’ कुणा डॉक्टरच्या तोंडून ऐकलेला नाही. मात्रा म्हणजे आमच्याकडे बाळाला उगाळून चाटवायची. पण ‘ओव्हरडोस’ही आता वाया गेलाय. लग्नात जिलेबीचा ओव्हरडोस, टीव्हीवर मालिकांचा ओव्हरडोस. माणूस मरतोय असं त्यातून कुठे वाटतं?

माधव (फार्मसिस्ट, न्यूअर्क)
माझा आक्षेप ‘अति’वरच आहे. मराठी पेपरात ‘अमली पदार्थांच्या अतिसेवनाने मृत्यू’ छापतात. म्हणजे हावरटासारखं घेतलं आणि गेला. इथे पोरं पार्टीत दुखण्याची म्हणून एक गोळी घेतात, ती निघते नकली, आत फेंटॅनिल, अफूच्या जातीचं जालीम औषध. दोन मिलिग्रॅमसुद्धा जीव घेऊ शकतं. एका गोळीत कसलं आलंय अतिसेवन? मृत्यूच्या सरकारी आकडेवारीत हे मृत्यू विषबाधेच्या सदरात मोजतात. २०२२ साली देशभरात लाखाहून जास्त. म्हणून सरळ ‘विषबाधा’ म्हणा. आणि नॅलोक्सोनला, म्हणजे असा डोस चढल्यावर नाकात मारायच्या स्प्रेला, ‘उतारा’, आयता मराठी शब्द. न्यू जर्सीत २०२३ पासून सरकारी योजनेतल्या औषधांच्या दुकानांत तो स्प्रे फुकट मिळतो, चौदा वर्षांपुढच्या कुणालाही. नावसुद्धा विचारत नाही आम्ही.

तुषार एडिसनकर
विषबाधा पटतंय. पण मंडळाच्या स्मरणिकेत हा शब्द आला की लोक आधी श्रीखंडाचा वास घेतील.

शब्दवेडी
‘उतारा’ गोड आहे, पण लोकांच्या मनात तो ताक-लिंबाचा, रात्रीची उतरवायला. नाहीतर तिठ्यावरचा, नारळ-गुलालवाला.

माधव (फार्मसिस्ट, न्यूअर्क)
ते मात्र खरंय. नॅलोक्सोन दारू उतरवत नाही, फक्त अफूच्या जातीच्या औषधांवर चालतं आणि थांबलेला श्वास सुरू करतं. तेही तीस ते नव्वद मिनिटं. फेंटॅनिल त्यापुढेही अंगात राहू शकतं, म्हणून स्प्रे मारल्यावरही ९११ लागतंच. उतारा म्हटलं की लोक ‘उतरली, झोपू दे’ म्हणतील. नको मग. ‘नॅलोक्सोन’च लिही, बाबा.

शब्दवेडी
तुषार, लेखात ‘व्यसनी’ नाही ना लिहिलंस? याच कार्यालयाने जानेवारी २०१७ मध्ये शब्दांवरच एक टिपण काढलं होतं, माणसाला त्याच्या आजाराच्या नावाने हाक मारू नका म्हणून. तेव्हाचे संचालक मायकेल बॉटिचेली स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर पडलेले. आपल्याकडे ‘गर्दुल्ला’ आजही बिनदिक्कत छापतात.

पंतोजी
‘व्यसनी’त शिवी कुठली? वि अधिक अस्, फेकणे. जो मार्गाबाहेर फेकला गेला तो. संस्कृतात व्यसन म्हणजे मुळात संकट. ‘उत्सवे व्यसने चैव... यस्तिष्ठति स बान्धवः’. संकटात पाठीशी उभा राहतो तो आपला.

खोडसाळ
आमच्या मित्रमंडळाने ते शब्दशः घेतलंय. उत्सवातही हजर, व्यसनातही हजर.

शब्दवेडी
पंत, व्युत्पत्तीने शिवी धुतली जात नाही. लोक ती कशी फेकतात ते बघा.

पंतोजी
लोक उद्या ‘पंत’ शिवीसारखा वापरतील, म्हणून मी नाव बदलू?

गिरणगावकर
गर्दुल्ल्याचं म्हणाल, तर ऐंशीच्या दशकात आमच्याकडे ब्राऊन शुगरला गर्दच म्हणायचे. आमच्या चाळीतली दोन पोरं गेली त्यात. तेव्हा ओव्हरडोस वगैरे कुणी म्हणत नव्हतं, ‘गर्दने खाल्लं’ एवढंच. गर्द म्हणजे फारसीत धूळ. गर्दीसुद्धा त्यातलीच असणार, माणसं जमली की धूळ उडते.

पंतोजी
गर्दी धुळीची? मग ‘गर्द झाडी’त कुठली धूळ? भर पावसाळ्यात सुद्धा?

सिस्टर सांगली
आमच्याकडे कोष्टी लोक ‘गर्द रंग’ म्हणतात, पक्का चढलेला. त्याचा धुळीशी काय संबंध?

गिरणगावकर
दोन वेगळे शब्द असतील. पण गर्दी फारसीच. पैज लावा.