शब्दचर्चा: ‘ताण द्या’ आणि ‘ताण घेऊ नका’, जखमी कामगाराने काय समजायचं?

फिजिओ

कामावर दुखापत झालेल्या कामगारांबरोबर मी काम करते. त्यांतले बरेच जण परभाषक आहेत. कोणाला कामापुरती मराठी येते, कोणाला तीही नाही. व्यायामाच्या सूचनांचा कागद नव्याने लिहायला घेतलाय, त्यावरून पुढे हिंदी, बंगाली आणि आणखी काही भाषांत भाषांतरं व्हायची आहेत. मूळ मराठीतच घोळ असला तर तो सगळ्या भाषांत पसरेल, म्हणून आधी इथे विचारते.

सध्या अडलंय ते ‘ताण’ या शब्दावर. डॉक्टर सांगतात, “ताण घेऊ नका.” दहा मिनिटांनी मी सांगते, “ताण द्या.” केसपेपरवर लिहिलेलं असतं, “स्नायूवर ताण बसला आहे.” मराठी माणूसही इथे क्षणभर थबकतो. ज्याला भाषा अर्धवट येते त्याचं काय होत असेल? स्ट्रेचिंगसाठी वेगळा शब्द आहे का?

कोशवेडा

शब्द एक असला तरी मराठी कान क्रियापदावरून अर्थ लावतो. ताण देणं हे मुद्दाम, ताण बसणं हे नकळत आणि नुकसान करणारं, ताण येणं किंवा घेणं हे मनाचं. नवख्या माणसाच्या कानात नाम तेवढं राहतं, क्रियापद निसटून जातं. भाषांतरातही तेच होतं. हिंदीत ‘तनाव’ लिहिलं की तो मनाचा झाला. ‘खिंचाव’ लिहावं, तर स्नायू दुखावला तरी ‘खिंचाव आ गया’ असंच म्हणतात.

त्यामुळे दुसरा शब्द शोधू नका, नामच काढून टाका आणि कृती लिहा. पोटरीचा व्यायाम असेल तर: “एक पाय पुढे, एक मागे. मागची टाच जमिनीला टेकलेली ठेवा आणि पुढचा गुडघा वाकवा. मागची पोटरी ओढल्यासारखी वाटली की तिथेच थांबा.” यात भाषांतरकाराला चुकायला फारशी जागा उरत नाही.

फिजिओ

हे पटलं. पण त्याच्या पुढचं वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटतं: “ओढल्यासारखं वाटलं तर चालेल, टोचलं, चमक आली किंवा मुंग्या आल्या तर थांबा.” कुठवर जायचं आणि कुठे थांबायचं हे समोरच्याला कळलं नाही, तर तो एक तर जखम पुन्हा उकलेपर्यंत व्यायाम करतो किंवा भीतीपोटी हातच हलवत नाही. आणि हे शब्द दुसऱ्या भाषेत न्यायला सर्वांत अवघड.

दुभाषी

मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मराठीत दुखण्याला केवढे शब्द आहेत बघा. कळ येते, ठणका लागतो, चमक निघते, उसण भरते, रग लागते, आग होते, सल राहतो, ठसठसतं, अवघडतं, बधिर होतं, मुंग्या येतात. हे एकमेकांच्या जागी चालणारे शब्द नाहीत. रग बहुधा दमलेल्या स्नायूची. ठणका हा सुजेचा किंवा पू धरत असल्याचा इशारा असू शकतो. आग, मुंग्या, विजेसारखी चमक यांवरून आधी नसेची, म्हणजे मज्जातंतूची, शंका येते. उपचार करणारा याच फरकांवरून पुढचा प्रश्न ठरवतो. इतर भाषांतही असेच बारकावे असतात. मग मधला माणूस घाईत सगळ्याचं “दुखतंय म्हणतो” असं करून टाकतो आणि निम्मी माहिती तिथेच सांडते.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ साली वेदनेचं वर्णन टिपायला जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, तीत ७८ शब्द २० गटांत लावलेले आहेत. ते शब्द इंग्रजी बोलणाऱ्यांचे. शब्दाला शब्द लावून ती दुसऱ्या भाषेत नेता येत नाही. त्या भाषेतली माणसं खरोखर काय म्हणतात ते गोळा करावं लागतं.

प्रत्यक्षातला एक प्रसंग सांगतो. हाताच्या दुखापतीचा एक हिंदीभाषक कामगार होता. त्याच्यासाठी त्याचा सहकारी बोलत होता आणि प्रत्येक प्रश्नाला एकच उत्तर देत होता, “हात दुखतो.” मी बसल्यावर कामगार म्हणाला, “झुनझुनी होती है.” मी तो शब्द तसाच ऐकवला, मग सांगितलं की हे दुखणं नाही, मुंग्यांसारखं काही आहे. थेरपिस्टनी विचारलं, कुठे? त्याने दुसऱ्या हाताच्या एका बोटाने रेघ ओढून दाखवली: करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची करंगळीकडची बाजू. अंगठा, तर्जनी, मधलं बोट व्यवस्थित. थेरपिस्टनी लगेच कोपराच्या आतल्या बाजूला हात लावला, कारण तेवढ्या भागाची संवेदना नेणारी नस तिथून जाते. तोवर सगळं लक्ष मनगटाकडे होतं.

माझा नियम असा: त्याचा शब्द आधी जसाच्या तसा उच्चारायचा, मग अर्थ सांगायचा, आणि खात्री नसेल तर “याचा नेमका अर्थ विचारून घेतो” असं दोन्ही बाजूंना ऐकू जाईल असं सांगायचं. दुभाष्याने गुपचूप अंदाज बांधणं हे सर्वांत घातक.

फिजिओ

यात ‘हात’ हा शब्दही गुन्हेगार आहे. मराठीत खांद्यापासून बोटांच्या टोकापर्यंत सगळा हातच, आणि मांडीपासून तळव्यापर्यंत सगळा पाय. हिंदीत ‘हाथ’ आणि ‘बाँह’, ‘पैर’ आणि ‘टाँग’ असा फरक करता येतो, पण बोलताना करतीलच असं नाही. आम्ही शरीराचं पुढून-मागून चित्र समोर ठेवतो आणि एका बोटाने दाखवायला सांगतो. पूर्ण तळवा फिरवून दाखवला तर दुखणं पसरलेलं आहे, एका बोटाने नेमकं दाखवलं तर जागा पक्की. याला भाषा लागत नाही.

नवा सदस्य

० ते १० आकडे किंवा चेहऱ्यांची चित्रं असतात ना? मग शब्दांची एवढी गरज काय?

फिजिओ

आकडा किती ते सांगतो, कसं ते सांगत नाही. चेहऱ्यांचंही जपून. एका प्रचलित पट्टीत शेवटच्या चेहऱ्यावर अश्रू आहेत. मोठा माणूस, त्यातून अंगमेहनतीचं काम करणारा, कितीही दुखलं तरी रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवायला कचरतो. २००१ सालच्या सुधारित पट्टीत सहा चेहरे आहेत, त्यांत ना हसू ना अश्रू. मला ती बरी वाटते.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी मनात ठेवावी. वेदनेच्या अभ्यासाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली. तिच्या टिपांमध्ये स्पष्ट म्हटलंय की बोलून सांगणं हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी फक्त एक, आणि सांगता येत नाही म्हणजे वेदना नाही असं होत नाही. परभाषक कामगाराबद्दल “काही बोलत नाही, म्हणजे बरा असेल” असं मी इतक्यांदा ऐकलंय की हे वाक्य भिंतीवर लावावंसं वाटतं.

दुभाषी

मधे कोण बसतो यावरही बोलायला हवं. सोय म्हणून मुकादमाला किंवा सुपरवायझरला बसवतात. ज्याच्या हाताखाली दुखापत झाली त्याच्याच तोंडून कामगाराने ती कशी झाली, अजून किती दुखतं, काम झेपेल का, हे सांगायचं? भरपाई आणि कामावर परतणं या दोन्ही गोष्टी त्या बोलण्यावर ठरतात. तो मुकादम स्वभावाने कितीही चांगला असो, ती जागा त्याची नाही. घरातल्या शाळकरी मुलाला बसवणंही तितकंच अयोग्य. बापाला लघवीवर ताबा राहिला नाही हे त्या पोराने सांगायचं का? आरोग्यक्षेत्रातल्या दुभाष्यांसाठी २०२० पासून आयएसओ (आंतरराष्ट्रीय मानक संघटना) २१९९८ हे स्वतंत्र मानक आहे. ऑस्ट्रेलियात १९७३ साली टेलिफोनवरून दुभाषी मिळण्याची सरकारी सेवा सुरू झाली. म्हणजे प्रत्येक ठिकाणी माणूस हजर नसला तरी मार्ग असतो. फोनवर बोट दाखवलेलं दिसत नाही, एवढं लक्षात ठेवून जागेचं नाव मोठ्याने उच्चारायचं.

बोलताना थेरपिस्टने कामगाराकडे बघावं, “त्याला विचारा” न म्हणता “तुम्हाला” म्हणावं. मीही “तो म्हणतो त्याचा हात” असं न म्हणता “माझा हात” असंच म्हणतो.

कोशवेडा

‘ताण’सारखाच दुसरा शब्द ‘आराम’. “आराम करा” म्हणजे विश्रांती, “आराम पडला” म्हणजे बरं वाटलं. हिंदीतही ‘आराम’चे हेच दोन अर्थ. “आराम आहे का?” या प्रश्नावर “हो” आलं तर तो बरा आहे की नुसता घरी पडून आहे? पुनर्वसनात तर हे दोन अर्थ एकमेकांच्या विरोधात जातात, कारण पडून राहिल्याने स्नायू आणखी दुबळे होतात. “आराम करा” हे कागदावर नकोच. “दोन दिवस वजन उचलू नका, पण दर तासाला उठून चाला” असं लिहा. दिवस आणि तास त्या माणसाच्या दुखापतीप्रमाणे.

‘पुनर्वसन’ हाही सामान्य माणसाला विस्थापितांचा शब्द वाटतो. नवीन जागी वसवणं. “तुमचं पुनर्वसन करायचंय” म्हटल्यावर आपल्याला दुसरीकडे हलवणार असा अर्थ कोणी घेतला तर त्याचा दोष नाही. कार्यालयीन कागदात राहू दे, माणसाशी बोलताना “पुन्हा काम जमायला लागावं म्हणून” एवढं पुरे.

‘फिट’बद्दल तर आग्रहाने सांगतो. “तो फिट आहे” आणि “त्याला फिट आली” यांत केवढं अंतर आहे! तुटक मराठीत “फिट है, फिट” असं काहीही ऐकू येऊ शकतं. “कामावर जाऊ शकतो” किंवा “आकडी आली” असं सरळ म्हणा.

भाषांतरकार

बंगालीबद्दल दोन गोष्टी. बंगालीत “चेष्टा करुन” म्हणजे “प्रयत्न करा”. शेजारी बसलेल्या मराठी माणसाला वाटतं टिंगल चाललीय. दुसरं, मराठी ‘अपघात’ तसाच उचलू नका. बंगालीत ‘अपघात’ म्हटलं की अनैसर्गिक मृत्यू आठवतो. ‘दुर्घटना’ चालेल.

तसंच हिंदीतलं ‘कल’ आणि बंगालीतलं ‘काल’ हे दोन्ही काल आणि उद्या अशा दोन्ही अर्थांनी येतात. “कल से दर्द” कळतं, पण “कल आना” आणि “कल आया था” यांत क्रियापद नीट ऐकू आलं नाही तर भेट चुकते. वार आणि तारीख लिहून द्या. “एक दिवसाआड” हेही टाळा, “सोमवार, बुधवार, शुक्रवार” लिहा.

फिजिओ

“हलकं काम”चं काय करू? डॉक्टर तेवढंच लिहितात. कामगार कामावर जातो, आणि तिथे हलकं म्हणजे काय हे सुपरवायझर ठरवतो.

दुभाषी

मी तर डॉक्टरांनाच थांबवून विचारतो, “हलकं म्हणजे काय सांगू?” किती किलोपर्यंत, किती उंचीवरून, तासाला किती वेळा, उभ्याने किती वेळ, शिडी चालेल का, थरथरणारं यंत्र हातात चालेल का. हे आकडे सगळ्या भाषांत सारखे राहतात. शिवाय कागद कामाच्या जागी दाखवता येतो, ‘हलकं’ दाखवता येत नाही.

फिजिओ

बरोबर. आणखी एक भर मीच घालते. “मणक्याची गादी सरकली” हे आपण सर्रास म्हणतो. भाषांतरात शब्दशः ‘सरकली’ गेलं की माणूस समजतो, काहीतरी जागेवरून निसटलंय आणि वाकलो तर पूर्णच निसटेल. गादी अशी साबणासारखी सरकत नाही, तिचा एक भाग फुगून बाहेर येतो आणि नसेला लागतो. पुष्कळदा तो काळानुसार कमीही होतो. हे सांगितलं की लोक हालचालीला तयार होतात. “हाड झिजलं” हेही तसंच घाबरवणारं.

तपासताना मी “दुखत नाही ना?” विचारणं सोडलंय. मराठीत त्यावर “हो” म्हणजे दुखत नाही. दुसऱ्या भाषेच्या सवयीने आलेला “हो” म्हणजे दुखतंय. मधे दुभाषी असला तर आणखी गुंता. आता विचारते, “हे करताना काय होतं?” आणि शेवटी “समजलं का?” असं न विचारता म्हणते, “घरी काय करणार ते मला करून दाखवा.” करून दाखवलं की माझं सांगणं कुठे कमी पडलं ते लगेच दिसतं.

नवा सदस्य

ज्यांना कुठलीच लिपी वाचता येत नाही त्यांना कागदाचा काय उपयोग?

दुभाषी

त्यांच्या फोनमध्ये त्यांच्याच आवाजात सूचना रेकॉर्ड करून घ्या. व्यायाम करता करता त्यांनीच आपल्या बोलीत सांगायचं, मी शेजारी बसून ऐकतो आणि चुकलं तर दुरुस्त करतो. प्रमाण हिंदीत लिहिलेल्या कागदापेक्षा हे घरी जास्त ऐकलं जातं, कारण बोली त्यांची असते.

फिजिओ

हे उद्यापासून करते. एक शेवटची शंका. बोटांची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) शिवलेल्या रुग्णासाठी “मूठ वळा” लिहू की “मूठ आवळा”?

कोशवेडा

‘आवळा’ मुळीच नको, त्यात जोर आला. ‘वळा’ बरोबर आहे, पण परभाषकाला ‘वळा’ म्हणजे फिरा इतकंच माहीत असेल तर तो मनगट फिरवेल.

फिजिओ

आणि जोर लावला तर शिवलेली कंडरा तुटू शकते. मग असं लिहिते: “बोटं हळूच मिटा. तळव्याला टेकली नाहीत तरी चालेल. हातात काहीही धरू नका.” शेजारी चित्र, आणि चित्रात हात रिकामा.