शस्त्रक्रिया कोलेस्टिएटोमाची, समरीत मात्र फक्त ‘क्रॉनिक ओटायटिस मीडिया’: कोड कोणता द्यावा?

प्रश्न

मी वैद्यकीय नोंदणी विभागात निदानांना कोड देण्याचे काम करते. आमच्याकडे आयसीडी-१० या आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अमेरिकी आवृत्ती, म्हणजे आयसीडी-१०-सीएम वापरली जाते. कानाच्या शस्त्रक्रियेचा एक केसपेपर नुकताच ऑडिटमधून परत आला. डिस्चार्ज समरीत (रुग्णाला घरी सोडतानाच्या सारांशात) ‘उजवा कान, क्रॉनिक ओटायटिस मीडिया (जुनाट मध्यकर्णदाह), पडद्याला छिद्र’ एवढेच निदान असल्यामुळे मी एच ६६.९१ (प्रकार न सांगितलेला मध्यकर्णदाह, उजवा कान) हा कोड दिला होता. ऑपरेशन नोटमध्ये मात्र मॅस्टॉइडेक्टमी (कानामागचे मॅस्टॉइड हाड पोखरण्याची शस्त्रक्रिया) केल्याचे आणि अटिकमधून (मध्यकर्णाच्या वरच्या भागातून) निघून अँट्रमपर्यंत (त्यामागच्या पोकळीपर्यंत) पोहोचलेला कोलेस्टिएटोमा (मृत त्वचेचे थर साचून वाढणारा गोळा) काढल्याचे लिहिलेले आहे. सीटी स्कॅनच्या अहवालात मॅस्टॉइडच्या हवेच्या पोकळ्यांत द्रव असल्याची नोंद आहे आणि ऑडिओग्राममध्ये उजव्या कानात कंडक्टिव्ह प्रकारचे (ध्वनी अंतर्कर्णापर्यंत नीट न पोहोचल्यामुळे येणारे) श्रवणदौर्बल्य दिसते.

ऑपरेशन नोटवरून कोड घेणे योग्य ठरते का? आणि मॅस्टॉइडचे हाड पोखरून काढले आहे व स्कॅनमध्येही त्यात द्रव आहे, तर मॅस्टॉइडायटिसचा (मॅस्टॉइडच्या दाहाचा) एच ७०मधील कोड जोडावा का?

उत्तर १ (कोडिंग तपासनीस)

समरीतील शब्दांपुरता आपला कोड चुकीचा नव्हता, कारण ‘क्रॉनिक ओटायटिस मीडिया’ एवढेच लिहिले असेल तर अनुक्रमणिका एच ६६.९कडेच नेते. चूक झाली ती तिथे थांबण्यात. आंतररुग्णाचा कोड संपूर्ण केसपेपर वाचून ठरवायचा असतो, आणि ऑपरेशन नोट ही उपचार करणाऱ्या शल्यचिकित्सकाने स्वतः लिहिलेली नोंद असल्यामुळे तिच्यातील कोलेस्टिएटोमा आपण निःशंकपणे घेऊ शकता. उजव्या अटिकसाठी एच ७१.०१ आणि उजव्या मॅस्टॉइडसाठी एच ७१.२१ असे कोड उपलब्ध आहेत. अँट्रमपर्यंतचा विस्तार मॅस्टॉइडमध्ये धरावा की नाही, हे मात्र शल्यचिकित्सकाकडून लेखी घ्यावे.

मॅस्टॉइडायटिसचा कोड देऊ नये, हे मी आग्रहाने सांगतो. मॅस्टॉइडेक्टमी ही शस्त्रक्रिया आहे, निदान नव्हे. कोलेस्टिएटोमापर्यंत पोहोचण्यासाठी आणि तो समूळ काढण्यासाठी ती करावी लागते, तेथे मॅस्टॉइडायटिस असतोच असे नाही. स्कॅनमधील द्रव हे रेडिओलॉजिस्टचे निरीक्षण आहे. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्याला आजाराचे नाव दिलेले नसेल, तर ते नाव देण्याचा अधिकार कोडरला नाही.

याच कारणासाठी ‘कोलेस्टिएटोमा आहे, म्हणजे अटिकोअँट्रल प्रकारच असणार’ असे मनाशी ठरवून एच ६६.२१ (अटिक व अँट्रममधला पू होणारा जुनाट मध्यकर्णदाह, उजवा कान) देऊ नका. तो निष्कर्ष बहुधा बरोबरच निघेल, तरीही तो डॉक्टरांनी लिहिलेला असला पाहिजे. त्यासाठी क्वेरी (डॉक्टरांना लेखी विचारणा) पाठवा, पण ‘हा अटिकोअँट्रल प्रकार आहे ना?’ अशा शब्दांत नको. नोंदीत काय आढळले ते मांडून ‘मध्यकर्णाच्या आजाराचा प्रकार आणि छिद्राची जागा कृपया स्पष्ट करावी’ असे विचारावे, म्हणजे उत्तर आपण सुचवले असे होत नाही.

छिद्राचा कोड एच ७२मधून येतो आणि मध्यकर्णाच्या आजाराचा कोड त्याच्या आधी द्यायचा असतो. छिद्र मध्यभागी असेल तर एच ७२.०१, अटिकमध्ये असेल तर एच ७२.११, जागा कळलीच नाही तर एच ७२.९१वर थांबावे लागते. श्रवणदौर्बल्याच्या बाबतीत डाव्या कानाची नोंद पाहायला विसरू नका. डावा कान चांगला असेल तर एच ९०.११ लागू होतो, पण त्यातही ऐकण्याची मर्यादा असेल तर कोड बदलून एच ९०.ए११ होतो. एका बाजूचा कोड दुसऱ्या बाजूवर अवलंबून असतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

उत्तर २ (कान-नाक-घसा शल्यचिकित्सक)

या गोंधळाला आम्ही डॉक्टर जबाबदार आहोत, हे मान्य करून लिहितो. कान वाहतो, पडद्याला छिद्र आहे, एवढ्यावर आम्ही ‘सीएसओएम’ (क्रॉनिक सप्युरेटिव्ह ओटायटिस मीडिया, म्हणजे पू होणारा जुनाट मध्यकर्णदाह) लिहून मोकळे होतो. पूर्वी त्याला किमान ‘सेफ’ किंवा ‘अनसेफ’ असे विशेषण तरी जोडले जाई, आणि त्यावरून अनुक्रमे ट्यूबोटिम्पॅनिक की अटिकोअँट्रल प्रकार हे कळत असे. आता आम्ही त्यांना ‘म्युकोसल’ (श्लेष्मल आवरणाचा) आणि ‘स्क्वेमस’ (त्वचेच्या थरांचा) असे शब्द वापरतो, पण वर्गीकरणात जुनीच नावे आहेत. त्यामुळे नव्या शब्दासोबत जुने नावही लिहिले, तर कोडरला अंदाज बांधावा लागत नाही.

हा भेद केवळ कागदापुरता नाही. पडद्याच्या ताणलेल्या भागात मध्यभागी छिद्र असेल तर बहुधा श्लेष्मल आवरणाचा दाह असतो आणि हाड सहसा शाबूत राहते. अटिकमध्ये पडदा आत ओढला जाऊन तयार झालेल्या कप्प्यात मृत त्वचेचे थर साचू लागले, की कोलेस्टिएटोमा वाढतो आणि भोवतालचे हाड झिजवतो. ऐकण्याच्या साखळीतील अस्थी, चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारी अर्धवर्तुळाकार नलिका आणि अखेरीस मेंदूचे आवरण, हे सगळे त्याच्या वाटेवर असते. रुग्ण पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे गेला आणि त्याच्या हाती ‘ओटायटिस मीडिया’ एवढाच शब्द असला, तर त्याला या धोक्याची कल्पना कशी यावी?

म्हणून मी माझ्या कनिष्ठ सहकाऱ्यांना सांगतो की कोणता कान, छिद्र कोठे, पू आहे की नाही आणि कोलेस्टिएटोमा कोठपर्यंत गेला आहे, हे समरीत एका वाक्यात यायलाच हवे. ऑपरेशननंतर समरी लिहिताना प्रवेशाच्या वेळचे निदान जसेच्या तसे उतरवून काढणे ही सगळ्यात घातक सवय आहे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनःपूर्वक आभार. क्वेरीचे उत्तर आले. डॉक्टरांनी अटिकोअँट्रल प्रकार, अटिकमधील छिद्र आणि अटिक व मॅस्टॉइड या दोन्ही जागांचा कोलेस्टिएटोमा असे लेखी दिले आहे. डाव्या कानाचे श्रवण सामान्य आहे. त्यामुळे एच ६६.२१, एच ७१.०१, एच ७१.२१, एच ७२.११ आणि एच ९०.११ असे कोड धरले. जुनी समरी बदलून नवी लावावी का? आणि हाच रुग्ण पुढे पुन्हा दाखल झाला तर?

उत्तर ३ (कोडिंग तपासनीस)

जुनी समरी काढू नका आणि तिच्यावर खाडाखोडही नको. डॉक्टरांनी तारीख, वेळ आणि सहीसह पुरवणी नोंद जोडावी व मूळ कागद तसाच राहावा. रुग्ण पुढे पुन्हा दाखल होईल तेव्हा मॅस्टॉइडेक्टमीनंतरच्या पोकळीत कोलेस्टिएटोमा पुन्हा झाल्याचे डॉक्टरांनी लिहिले असेल, तर एच ७१ न वापरता एच ९५.०१ द्यावा लागेल. त्यासाठी आधीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख त्या वेळच्या नोंदीत असला पाहिजे, तेव्हा हे आताच आपल्या डॉक्टरांच्या कानावर घालून ठेवा.